खाणीतील जिवाणू जड धातूंना कसे तोंड देतात?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

तांब्याच्या खाणीत जिवाणूंकडून काम करून घेतात, हे आता बहुतेकांच्या कानावर असते. मात्र ज्या तांब्याने एरवीचे जिवाणू मरतात, त्याच तांब्याच्या निळसर द्रावणात हे जिवाणू जगतात कसे, या प्रश्नाला आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींपलीकडे उत्तर सापडत नाही. जळगावात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. खानदेशात धातूंच्या खाणी नाहीत, आपल्या पायाखाली सगळा काळा बेसाल्ट आहे. तरीही बागेतला मोरचूद, सराफ बाजार आणि औद्योगिक वसाहत अशा वाटांनी हा विषय आपल्या दाराशी येतोच.

हे जिवाणू करतात काय, ते आधी थोडक्यात सांगतो. १९४७ साली कोल्मर आणि हिंकल यांनी अमेरिकेतील कोळशाच्या खाणींतून झिरपणाऱ्या आम्लधर्मी पाण्यात लोहाचे ऑक्सिडीकरण करणारा जिवाणू असल्याचे दाखवले. त्याचे आजचे नाव अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. फेरस लोहाचे फेरिक करताना जी ऊर्जा हाती लागते, तिच्यावर तो हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून आपले शरीर बांधतो. सल्फाइड खनिजाला प्रत्यक्षात फोडते ते हे फेरिक लोह. जिवाणूचे काम ते पुन:पुन्हा तयार करून देण्याचे आणि सुटलेल्या गंधकाचे गंधकाम्ल करण्याचे. तांबे त्याच्या आहारात नाही. ते त्याच्या कामातून सुटणारे आणि त्यालाच घातक ठरणारे द्रव्य आहे, म्हणजे काम जितके नेटाने होईल तितके त्याच्याभोवतीचे विष वाढत जाते. वर्तमानपत्रांत ‘धातू खाणारे जिवाणू’ असे मथळे येतात, त्यातून नेमकी ही गोष्ट निसटते.

आता आकडे पाहू. आपल्या आतड्यातला ईशेरिकिया कोलाय हा जिवाणू तांब्याचे प्रमाण काही मिलिमोलरच्या (द्रावणातील संहती मोजण्याचे एकक) पुढे गेले की वाढत नाही. फेरोऑक्सिडन्स १०० ते ३०० मिलिमोलर तांब्यात वाढतो आणि त्याचे काही वाण ८०० मिलिमोलरपर्यंत तग धरतात. ८०० मिलिमोलर म्हणजे लिटरमागे सुमारे ५० ग्रॅम तांबे. जस्त आणि निकेल यांच्या बाबतीतही त्याची सहनशक्ती अशीच मोठी आहे. पारा आणि चांदी मात्र त्याला अगदी अल्प प्रमाणातही झेपत नाहीत. ‘धातुसहिष्णू’ असा एकच शिक्का मारून भागत नाही, तो कोणत्या धातूसाठी आणि कोणत्या परिस्थितीत, हे प्रत्येक वेळी सांगावे लागते.

या सहनशक्तीचा पहिला भाग जिवाणूला जवळजवळ फुकट मिळतो, आणि माझ्या मते त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. बाहेरच्या द्रावणाचा सामू २ च्या आसपास असतो, तर पेशीच्या आतला ६.५ च्या जवळपास राखावा लागतो. म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती आतल्यापेक्षा बाहेर सुमारे तीस हजार पटींनी अधिक असते. त्यांना आत घुसू न देण्यासाठी हे जिवाणू पेशीपटलाची आतली बाजू धनभारित ठेवतात, जे बहुतेक इतर जिवाणूंच्या नेमके उलट आहे. हीच व्यवस्था तांबे, जस्त, निकेल अशा धनभारित आयनांनाही दूर लोटते. त्यातच भोवतालचे सल्फेट काही धातूला जखडून ठेवते आणि पेशीच्या पृष्ठभागावरच्या जागांसाठी हायड्रोजन आयनांची धातूंशी स्पर्धा चालते. हे सगळे जनुकांकडून कोणताही ‘प्रतिसाद’ सुरू होण्याआधीच घडत असते.

तरीही तांबे आत येतेच. तिथून पुढची खरी यंत्रणा सुरू होते. तिच्याविषयी प्रश्न आल्यास लिहीन.


पांझराकाठची

सर, मी धुळ्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रश्न येण्याची वाट पाहणार असाल, तर पहिला प्रश्न माझाच समजावा. पेशीत शिरलेले तांबे नेमके नुकसान कशाचे करते आणि त्यावर फेरोऑक्सिडन्स काय उपाय करतो? आम्हाला ‘तांबे मुक्त मूलके निर्माण करते, त्यामुळे पेशी मरते’ एवढेच शिकवले आहे.


गिरणाकाठ

ताई, मुक्त मूलकांचे स्पष्टीकरण बरीच वर्षे प्रचलित होते आणि ते सर्वस्वी टाकाऊही नाही. मात्र २००९ मध्ये मॅकोंबर आणि इम्ले यांनी ईशेरिकिया कोलायवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की पेशीच्या आत एकभारित रूपात असलेले तांबे थेट काही विकरांतील लोह-गंधक गुच्छांवर चालून जाते आणि तेथील लोहाला हुसकावून लावते. अमिनो आम्ले तयार करणारी काही विकरे अशा गुच्छांवरच चालतात, त्यामुळे पेशी आतून उपाशी पडू लागते. यासाठी प्राणवायूचीही गरज लागत नाही. लोहावर जगणाऱ्या जिवाणूला हा हल्ला किती जिव्हारी लागत असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

उपायांपैकी सर्वपरिचित उपाय म्हणजे धातू बाहेर काढणे. या जिवाणूच्या पेशीला आतले आणि बाहेरचे अशी दोन पटले असतात. आतल्या पटलात ‘कॉप-ए’ जातीची प्रथिने असतात, जी एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जाद्रव्य, खर्च करून तांबे आतून पटलाबाहेरच्या पोकळीत ढकलतात. त्या पोकळीतून थेट पेशीबाहेर नेण्यासाठी ‘कस’ नावाची, दोन्ही पटलांना आरपार जोडणारी प्रथिनांची नळी असते. ती एटीपीवर न चालता आत येऊ पाहणाऱ्या हायड्रोजन आयनांच्या जोरावर चालते. आम्लात राहणाऱ्या जिवाणूला हा जोर आयताच मिळतो. मात्र आत आलेला प्रत्येक हायड्रोजन आयन पुन्हा संपवावा लागतो आणि तो संपतो लोहाकडून आलेले इलेक्ट्रॉन प्राणवायूला देऊन पाणी तयार होताना. थोडक्यात, धातू उपसायचा असेल तर लोहाचे ऑक्सिडीकरण अधिक करावे लागते. लोहापासून मिळणारी ऊर्जा मुळातच तुटपुंजी असल्यामुळे हा खर्च वाढीच्या वेगातून वजा होतो. गळक्या होडीतून पाणी उपसणाऱ्याला वल्हवायला हात उरत नाहीत, तसे हे आहे.

दुसरा उपाय मला अधिक रोचक वाटतो. फेरोऑक्सिडन्सच्या पेशीत पॉलिफॉस्फेटचे, म्हणजे फॉस्फेटच्या लांबच लांब साखळ्यांचे दाणे साठवलेले असतात. चिली विद्यापीठातील हेरेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले, की तांबे वाढवले की या साखळ्या तुटू लागतात आणि पेशीतून फॉस्फेट बाहेर पडू लागते. सुटे झालेले फॉस्फेट तांब्याला धरते आणि ती जोडी बाहेर नेली जाते, असे त्यांचे प्रतिमान आहे. याला पूरक पुरावा वेगळ्याच कुळातून मिळतो. सल्फोलोबस मेटॅलिकस हा उष्ण आम्लात राहणारा सूक्ष्मजीव भरपूर पॉलिफॉस्फेट साठवतो आणि २०० मिलिमोलर तांब्यात वाढतो. त्याचाच भाऊबंद सल्फोलोबस सोल्फाटॅरिकस फारच थोडे साठवतो आणि तांब्यापुढे लवकर नांगी टाकतो.

तिसरा भाग प्रथिनांच्या फेरबदलाचा आहे. तांबे वाढले की बाहेरच्या पटलातील मोठ्या छिद्राचे प्रथिन कमी केले जाते, हिस्टिडिन आणि सिस्टीन या धातूला धरणाऱ्या अमिनो आम्लांची निर्मिती वाढते आणि रस्टिसायनिन हे निळे प्रथिनही वाढते. रस्टिसायनिनच्या गाभ्यात स्वतःच तांब्याचा एक अणू असतो आणि एरवी त्याचे काम लोहाकडून आलेले इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवण्याचे असते. ते वाढवल्याने तांबे अडकवून ठेवता येते की ऊर्जेची वाढीव गरज भागवता येते, की दोन्ही, यावर वाद घालता येईल. मला दुसरे कारण अधिक वजनदार वाटते, कारण धातू उपसण्याचे सगळे गणित शेवटी इलेक्ट्रॉनांच्या पुरवठ्यावरच येऊन ठेपते.


निवृत्त_खनिक

गिरणाकाठ सर, मांडणी उत्तम आहे, पण खाणीतल्या माणसाच्या नजरेने एक हरकत नोंदवतो. मी नोकरीची बरीच वर्षे मध्य प्रदेशातील तांब्याच्या उघड्या खाणीत काढली आणि आता भुसावळला स्थायिक आहे. दगडाच्या ढिगावर आम्ल फवारून तांबे काढण्याच्या पद्धतीत द्रावणातले तांबे लिटरमागे सहसा काही ग्रॅमच असते, कारण ते सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनने, म्हणजे तांबे ओढून घेणाऱ्या तेलकट द्रावकाने, लगेच काढून घेतले जाते आणि उरलेले द्रावण पुन्हा ढिगावर सोडले जाते. लिटरमागे ५० ग्रॅम तांबे सहन करणाऱ्या वाणाची तिथे कसोटीच लागत नाही. खरी अडचण असते ती हवेची, तापमानाची आणि जॅरोसाइटची. जॅरोसाइट हे पिवळसर गाळासारखे लोहाचे सल्फेट दगडाच्या फटीफटीत बसते आणि त्यानंतर द्रावणही आत पोहोचत नाही आणि हवाही.

दुसरे असे, की आपल्याकडे मलांजखंडसारख्या ठिकाणी तांबे आहे ते मुख्यतः चाल्कोपायराइटच्या, म्हणजे तांबे, लोह आणि गंधकाच्या खनिजाच्या, रूपात, आणि ते खनिज साध्या तापमानाला हट्टाने अडून बसते. थोडे विरघळले की त्याच्या पृष्ठभागावर एक साय धरते आणि पुढचे काम मंदावते. जिवाणू कितीही सहनशील असला तरी त्या सायीपुढे त्याचे काही चालत नाही. तेव्हा प्रयोगशाळेत सहनशक्ती मोजण्यावर जो भर दिला जातो, तो मला काहीसा अनाठायी वाटतो.


गिरणाकाठ

अण्णा, ढिगाच्या बाबतीत तुमची हरकत मला पूर्ण मान्य आहे. त्यात एक भर घालतो. तेच द्रावण वर्षानुवर्षे फिरत राहिले की तांबे काढून घेतले जात असले तरी दगडातून सुटलेले अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि सल्फेट साचत जाते, शिवाय एक्स्ट्रॅक्शनमधले रॉकेलसारखे द्रावकही थोडेफार मिसळते. तांब्याला पुरून उरणारा जिवाणू या एकत्रित भाराखाली दबतो. म्हणून एकेका धातूची सहनशक्ती मोजून ढिगाचे भाकीत करता येत नाही, हे तुमचे म्हणणे रास्तच आहे.

टाक्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे बारीक दळलेले खनिज, हवा आणि जिवाणू एकत्र ढवळले जातात, त्यामुळे विरघळलेला धातू एकदम चढतो. दक्षिण आफ्रिकेतील बार्बर्टनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून ही पद्धत सोन्यासाठी चालू आहे. तिथले सोने आर्सेनोपायराइटच्या, म्हणजे आर्सेनिक, लोह आणि गंधकाच्या खनिजाच्या, कणांत इतके बारीक अडकलेले असते, की सोने विरघळवणारे सायनाइड त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. जिवाणूंनी ते खनिज फोडले की सोने मोकळे होते, पण सोबत आर्सेनिकही सुटते.

आर्सेनिकची चाल तांब्याहून निराळी आहे. पंचसंयुजी आर्सेनेट फॉस्फेटसारखे दिसते, म्हणून फॉस्फेटच्या दारातून आत शिरते. त्रिसंयुजी आर्सेनाइट विद्युतभाररहित असल्यामुळे ग्लिसरॉलच्या वाहिनीतून आत येते. धनभारित आयनांना अडवणारे पटल या दोघांपुढे निरुपयोगी ठरते. यावर जिवाणूंचा तोडगा थोडा विचित्र वाटावा असा आहे: ‘आर्स-सी’ हे विकर कमी विषारी आर्सेनेटचे अधिक विषारी आर्सेनाइट करते, कारण बाहेर फेकणारा ‘आर्स-बी’ हा पंप फक्त आर्सेनाइटलाच ओळखतो. ही जनुके एरवी बंद असतात. ‘आर्स-आर’ हे प्रथिन डीएनएवर बसून त्यांना दाबून ठेवते आणि आर्सेनाइट त्याला चिकटले की ते सुटून जनुके उघडतात.

फेअरव्ह्यूमध्ये सुरुवातीला खनिज टाकीत बारा दिवसांच्या आसपास ठेवावे लागे. सतत वाहत्या टाकीत जे जिवाणू मागे पडत ते वाहून जात आणि जे टिकत तेच वाढत, अशा निवडीतून काही वर्षांत हा काळ चार दिवसांच्या आत आला. पुढे त्या टाक्यांमधील अ‍ॅसिडिथायोबॅसिलस काल्डस आणि लेप्टोस्पिरिलम फेरिफिलम यांच्यात आर्सेनिकविरोधी जनुकांचा एक जादा संच सापडला. तो उड्या मारणाऱ्या जनुकांवर, म्हणजे ट्रान्सपोझॉनवर बसलेला होता. कोणीही प्रयोगशाळेत तो घालून दिलेला नव्हता. तांब्याच्या बाबतीतही असाच प्रकार आढळतो: फेरोऑक्सिडन्सच्या एका वाणात, ज्याचा संग्रहातील क्रमांक ५३९९३ आहे, तांबे उपसणाऱ्या जनुकांचे जादा बेट आहे आणि २३२७० क्रमांकाच्या प्रमाण वाणापेक्षा तो अधिक तांबे सोसतो. टाकी असेल तर सहनशक्तीच कामाचा वेग ठरवते, एवढा मुद्दा मात्र मी सोडणार नाही.


कसोटीचा_दगड

जळगावच्या सराफ बाजारात आमचे पिढीजात दुकान आहे, म्हणून सोन्याचा विषय निघाल्यावर राहवले नाही. आमच्या पेढ्यांतली केराची माती झारेकरी विकत घेतात आणि धुऊन, आटवून त्यातले सोने काढतात. त्या कामात पारा वापरला जातो आणि त्याचे दुष्परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. या जिवाणूंकडून ते काम करून घेता येईल काय? शिवाय शुद्धीकरणानंतर उरलेल्या तेजाबाच्या (नायट्रिक आम्लाच्या) पाण्यात तांबे आणि चांदी असते, ते पाणी या जिवाणूंना चालेल का?


गिरणाकाठ

शेठजी, केराच्या मातीतले सोने आधीच मोकळे असते. ते सल्फाइडच्या कवचात अडकलेले नसते, त्यामुळे फोडायला जिवाणूला तिथे काही कामच नाही. खाणीतही जिवाणू सोने विरघळवत नाहीत, फक्त त्याच्याभोवतीचे खनिज काढून टाकतात. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियमसारखे काही जिवाणू स्वतः सायनाइड तयार करतात आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातील सोने त्यातून विरघळवण्याचे प्रयोग झाले आहेत, पण ती चाल वेगळी आणि दाट वस्तीच्या बाजारपेठेत करण्यासारखी मुळीच नाही.

तेजाबाच्या पाण्याबाबत उत्तर ठाम नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. चांदी या जिवाणूंना अत्यल्प प्रमाणातही चालत नाही, हे वर आलेच. त्याहून मोठा शत्रू म्हणजे तेजाबातले नायट्रेट. पेशीची आतली बाजू धनभारित असल्यामुळे तांब्याचे आयन दूर राहतात, पण नायट्रेट आणि क्लोराइड यांसारखे ऋणभारित आयन त्याच कारणाने आत ओढले जातात. ते आत आले की धनभार ओसरतो, मागोमाग हायड्रोजन आयन घुसतात आणि पेशीचा आतला सामू कोसळतो. लिटरमागे कित्येक ग्रॅम तांबे पचवणारा हा जीव समुद्राच्या पाण्यातील मिठाने मात्र हैराण होतो. चिलीच्या अटाकामा वाळवंटात गोड्या पाण्याचा तुटवडा असल्यामुळे खाणींना समुद्राचे पाणी वापरायचे असते आणि तिथे ही अडचण प्रत्यक्ष भेडसावते. सल्फेटचा आयन असा सहज आत शिरत नाही, म्हणूनच गंधकाम्लाच्या जगात ही मंडळी सुखाने नांदतात.

पाऱ्याविषयी एक खुलासा करणे आवश्यक आहे, कारण ‘पारा नष्ट करणारे जिवाणू’ असे वाचायला मिळते. पाराप्रतिरोधक जिवाणूंकडे ‘मेर’ नावाचा जनुकसंच असतो. त्यातील ‘मेर-ए’ हे विकर द्विभारित पाऱ्याचे धातुरूप पारा करते आणि तो वाफ होऊन हवेत जातो. जिवाणूची सुटका होते, पारा मात्र तसाच राहतो, फक्त पाण्यातून हवेत जातो. बंद पात्रात ती वाफ पकडता आली तरच त्याचा उपयोग; झारेकऱ्याच्या अंगणात असे काही केले तर त्याच्याच नाकात जाईल.


बागायतदार_रावेर

सर, नमस्कार. आमची केळीची बाग आहे. करप्यासाठी आणि कंद सडला की आळवणीसाठी आमच्या भागात तांबेयुक्त औषधे पिढ्यान्‌पिढ्या वापरली जातात. पूर्वी वडील मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण स्वतः तयार करीत, आता कॉपर ऑक्सिक्लोराइडचा पुडा येतो. इतक्या वर्षांचे तांबे जमिनीत साचले असणार, अशी शंका मला आहे. कृषी सेवा केंद्रात जिवाणूंच्या अनेक बाटल्या मिळतात. खाणीतले हे जिवाणू जमिनीत सोडून ते तांबे काढता येईल का, हा माझा सरळ प्रश्न आहे.


गिरणाकाठ

दादा, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर: नाही, आणि तशी बाटली कोणी विकत असेल तर घेऊ नका. हे जिवाणू सामू २ च्या आसपास जगतात. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी ८ च्या आसपास असतो आणि तिच्यात चुनखडी असते. तिथे फेरस लोह हवेनेच क्षणात गंजते, जिवाणूला त्याच्यातून ऊर्जा मिळवायला सवडच राहत नाही. त्याला जगवण्यासाठी जमीन आम्लधर्मी करायची म्हटली तर चुनखडी सगळे आम्ल गिळून टाकेल, आणि समजा ते जमलेच, तर घट्ट बसलेले तांबे सुटून मुळांना आणि विहिरीला लागेल. सध्या चुनखडीयुक्त चिकण मातीने ते धरून ठेवले आहे, ही एका परीने तुमच्या सोयीचीच गोष्ट आहे. शंका दूर करायची असेल तर माती परीक्षणात डीटीपीए (धातूला धरणारे रसायन) पद्धतीने उपलब्ध तांबे मोजून घ्यावे; एकूण तांब्यापेक्षा तो आकडा पिकाच्या दृष्टीने अधिक कामाचा असतो.

मात्र तुमच्या बागेतही तांबे सहन करणारे जिवाणू असू शकतात, आणि त्यांच्याकडे मी अधिक गांभीर्याने पाहीन. कॅलिफोर्नियात टोमॅटोवर तांब्याची औषधे सतत फवारल्यानंतर स्यूडोमोनास सिरिंजी या रोगकारक जिवाणूचे असे वाण आढळले, ज्यांच्यावर तांब्याचा परिणाम होईनासा झाला होता. १९८० च्या दशकात त्यांच्यातील ‘कॉप’ जनुकसंच एका प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्रापासून सुट्या डीएनएच्या कड्यावर, सापडला. त्यांची पद्धत खाणीतल्या जिवाणूंपेक्षा अगदी वेगळी आहे. ते तांबे दूर फेकण्यापेक्षा दोन पटलांमधल्या पोकळीत प्रथिनांना बांधून साठवतात. तांबे घातलेल्या माध्यमावर त्यांच्या वसाहती चक्क निळ्या दिसतात, आणि शेजारच्या साध्या वाणाच्या बशीवर काहीच उगवलेले नसते. प्लाझ्मिड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते. झँथोमोनासच्या काही वाणांत तांब्याच्या आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रतिरोधाची जनुके एकत्र आढळली आहेत. तांबे आणि प्रतिजैविक एकत्र मिसळून वारंवार आळवणी करण्याची सवय म्हणूनच मला धोक्याची वाटते. करपा हा बुरशीजन्य रोग आहे, त्याला ही जिवाणूंची गोष्ट जशीच्या तशी लागू होत नाही. कंदसडीला लागू होते.


सातपुडा_पायथा

शहाद्याहून लिहीत आहे. खाणींतून निघणाऱ्या लाल, आम्लधर्मी पाण्याविषयी आणि स्पेनमधील रिओ तिंतो नदीविषयी वाचले होते. आपल्याकडे दगडखाणी आणि क्रशर वाढत आहेत. तिथून असे पाणी निघण्याचा संभव आहे का?


निवृत्त_खनिक

सर उत्तर देतीलच, पण हे माझ्या क्षेत्रातले असल्याने सांगतो. तसे आम्ल तयार व्हायला पायराइटसारखी सल्फाइड खनिजे भरपूर लागतात. आपल्या बेसाल्टमध्ये ती नगण्य असतात आणि जो थोडाफार आम्लपणा येईल तो हा दगड स्वतःच मारून टाकतो. क्रशरचा प्रश्न धुळीचा आहे, आम्लाचा नाही.


पांझराकाठची

सर, या चर्चेनंतर प्रकल्पासाठी हाच विषय घ्यावा असे वाटते. जिवाणू संग्रहातून फेरोऑक्सिडन्सचा प्रमाण वाण मागवून तांब्याला तो कसा प्रतिसाद देतो, ते पाहण्याचा विचार आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे झेपेल का, आणि कुठे चुकण्याची शक्यता आहे?


गिरणाकाठ

ताई, झेपेल, कारण या जिवाणूला महागडे काही लागत नाही. सिल्व्हरमन आणि लुंडग्रेन यांचे १९५९ चे ‘९-के’ माध्यम वापरा. त्यात लिटरमागे ९ ग्रॅम फेरस लोह असते, त्यासाठी फेरस सल्फेट सुमारे ४४ ग्रॅम लागते. ते उष्णतेने निर्जंतुक करू नका, गाळणीतून गाळा, कारण तापवले की लोहाचे आधीच ऑक्सिडीकरण होते. लस (म्हणजे वाढवण्यासाठी सोडलेले थोडे जिवाणू) घातल्यावर फिकट हिरवे द्रावण हळूहळू तपकिरी-लाल होत जाते आणि काचेला तळाशी पिवळसर थर धरतो. अण्णांनी सांगितलेले जॅरोसाइट ते हेच. त्याच्या कणांमुळे गढूळपणावरून वाढ मोजता येत नाही आणि इथेच बहुतेक प्रकल्प फसतात. त्याऐवजी उरलेले फेरस लोह दररोज अनुमापनाने मोजा आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजपट्टीच्या काचेवर मोजा.

घन माध्यमावर वसाहती हव्या असतील तर साधे अगार चालणार नाही. आम्लात अगार थोडे विघटित होऊन त्यातून साखरा सुटतात आणि आश्चर्य म्हणजे त्या साखरांनीच हा जिवाणू दबतो. यावर बॅरी जॉन्सन यांनी काढलेला मार्ग मला फार आवडतो. खालच्या थरात अ‍ॅसिडिफिलियम नावाचा सेंद्रिय द्रव्यांवर जगणारा आम्लप्रेमी जिवाणू मिसळायचा, तो सुटलेली साखर संपवतो, आणि वरच्या स्वच्छ थरावर लोहजिवाणू निर्वेध वाढतो. खाणीतही हे दोघे शेजारीच राहतात.

तांबे देताना ते मोरचुदाच्या रूपात द्यावे लागेल, म्हणजे तांब्यासोबत सल्फेटही वाढेल. वाढ मंदावली तर ती तांब्यामुळे की सल्फेटमुळे, हे कळायला हवे. त्यासाठी तितक्याच मोलरतेचे मॅग्नेशियम सल्फेट घातलेला एक संच शेजारी चालवा; हा संच नसेल तर कोणताही चांगला परीक्षक तुमचे निष्कर्ष स्वीकारणार नाही. कॉपर क्लोराइड किंवा कॉपर नायट्रेट चुकूनही वापरू नका, कारण वर लिहिले आहे. प्रत्येक पातळीवर दोन प्रकारची लस घ्या: एक कधीही तांबे न पाहिलेली आणि दुसरी कमी तांब्यात अनेकदा पुढे नेलेली. पहिल्या लसीत वाढ सुरू होण्याआधीचा थांबा लांबतो, दुसरीत तो आखूड होतो. सवयीची लस पुन्हा तांबे नसलेल्या माध्यमात काही पिढ्या वाढवून मग तपासा. सहनशक्ती ओसरली तर तो जनुकांच्या चालू-बंद होण्याचा भाग असण्याची शक्यता अधिक. टिकून राहिली तर जनुकांतच बदल झाला असावा किंवा मूळ लसीतले वेगळे वाण निवडले गेले असावेत. शक्य असेल तर पेशीबाहेर आलेले फॉस्फेटही मोजा. मात्र माध्यमातले स्वतःचे फॉस्फेट आधी कमी केल्याशिवाय तो फरक दिसणार नाही.

उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. त्यात विरी गेलेला चुना घालून सामू ९ च्या आसपास आणला की तांबे आणि लोह हायड्रॉक्साइडच्या गाळात बसते. निवळ वेगळी करून तिच्यात तांबे उरले नाही ना ते तपासा आणि गाळ वाळवून घातक कचऱ्याच्या डब्यात, चिठ्ठी लावून ठेवा.


पांझराकाठची

मॅग्नेशियम सल्फेटचा संच माझ्या आराखड्यात नव्हता, तो घालते. पहिल्या फेरीचे फेरस लोहाचे आलेख तयार झाले की याच धाग्यावर टाकीन.